नळी कापावी की बदलावी

२०११च्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी तोक्योच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक म्हणून रुजू झाले. पोस्टडॉकचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. माझा विषय धातूवरचा क्रोमचा मुलामा. तो कुठे तडकतो, कसा सुटतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. ओळखीची मराठी माणसं सगळी तिकडे तोक्योतल्या फुनाबोरीत. हिंग-पोहे आणायला मी महिन्यातून एकदा जायची आणि इतकं बोलायची की परतीच्या ट्रेनमध्ये घसा दुखायचा. एरवी शुक्रवारी संध्याकाळी दार लावलं की सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे. कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातल्या मुलीने "गरम करून देऊ का?" विचारलं, तर मी "हो" म्हणायची. गार जेवण चालत असूनही म्हणायची, तेवढंच बोलणं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. पंचाहत्तरी उलटलेली, बायको भूकंपाच्या आधीच गेलेली, मुलगा तोक्योत, तोयोसूतल्या कुठल्याशा उंच इमारतीत. संध्याकाळी मी घरी आले की ते कुंपणाशी यायचे. मी कधी पोहे द्यायची, कधी शिरा. त्यांना ते आवडत असावं असं मला काही वाटत नाही. पण रिकामं भांडं परत करू नये हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे, माझी ताटली कधी मुळा घेऊन आली, कधी गोड पर्सिमनची फळं. आमचं बोलणं थंडी आणि भाज्यांपलीकडे फारसं जात नसे. तरी ते आले नाहीत की मी खिडकीतून दोनदा डोकवायची.

त्यांच्याकडे रानडुकरांच्या शिकारीची रायफल होती. हिवाळ्यातल्या रविवारी गावातले चार-पाच म्हातारे मिळून डोंगरात जायचे. अणुभट्टीच्या अपघातानंतर किरणोत्सर्गामुळे तिथल्या रानडुकरांचं मांस खायला बंदी होती. शेतं उकरतात म्हणून मारायची आणि पुरून टाकायची.

"मग एवढ्या थंडीत जाता कशाला?" मी एकदा विचारलं. मी पडले शाकाहारी, मला हा सगळाच उद्योग अगम्य.

"वर गेलं की चहा प्यायला चार माणसं असतात," ते म्हणाले.

पण भूकंपात त्यांच्या छपराची कौलं पडली होती. वर निळी ताडपत्री टाकून तीन पावसाळे काढले, आणि बंदुकीच्या कपाटात ओल शिरली. एका संध्याकाळी ते कुंपणाशी न थांबता दारात आले. शिक्षकांना म्हणतात तसं ते मला 'सेन्सेई' म्हणत.

"सेन्सेई, तुमच्या विषयातला एक प्रश्न आहे. रायफलच्या नळीला आतून क्रोम आहे. तोंडाजवळ ते सुटलंय आणि खाली गंज धरलाय. दुरुस्तीवाला म्हणतो, पुढचा तुकडा कापून टाकू, नाहीतर नळीच नवी घालू. नळी कापावी की बदलावी?"

माझा जीव सुखावला. इतक्या महिन्यांत मला घरी येऊन कुणी काही विचारलं नव्हतं. मी त्यांना आत बसवलं, चहा टाकला आणि सरळ लेक्चर सुरू केलं. क्रोम कठीण असतं पण ठिसूळ, कपाच्या कडेसारखं. नळी कापली की नव्या कडेला त्याचे टवके उडण्याची भीती, आणि गोळी बाहेर पडते ती कडच नीट नसेल तर नेम गेला. शिवाय गंज मुलाम्याखालून किती आत सरकलाय ते वरून दिसत नाही. आज चार बोटं कापाल, उद्या आणखी चार.

"म्हणजे बदलायची," ते म्हणाले.

"बदलायचीच," मी म्हणाले. चहा मात्र त्यांनी अर्धाच घेतला.

त्यांचं मन कापण्याकडे का होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. दुरुस्तीवाल्याने त्यांना सांगितलं होतं, की कापली तर परवान्यावरची लांबी तेवढी बदलून मिळेल. नवी नळी म्हणजे नव्याने पोलिसांची चौकशी, शेजाऱ्यांकडे आणि घरच्यांकडेही. मला ते कळलं थेट पोलीस दारात आल्यावर. तरुण होता, फार अदबीने बोलत होता. ते पितात का? आरडाओरडा करतात का? मी नाही म्हणत गेले.

"बायको गेल्यापासून एकटे पडलेत, असं वाटतं का?"

हो म्हणावं तर बंदूक जाणार, आणि बंदुकीबरोबर रविवारची ती चार माणसं. नाही म्हणावं तर धडधडीत खोटं.

"एकटे नाहीत," मी म्हणाले. "मी आहे ना."

बोलून गेले आणि माझेच कान गरम झाले. पोलिसाने मान डोलावली, लिहून घेतलं आणि कमरेत वाकून निघून गेला. फुनाबोरीतल्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, बंदूकवाल्या म्हाताऱ्याची कसली गॅरंटी घेतेस? आर यू मॅड?" मी हसले. त्या आठवड्यात मी खुशीत होते.

पण विचारणा मुलाकडेही झाली होती. वडील या वयात अजून बंदूक घेऊन डोंगर चढतात, हे त्याला पोलिसांच्या फोनवरून समजलं. पुढच्या रविवारी त्याची गाडी दारात उभी होती. भांडण ऐकू आलं नाही, नुसती एकाच माणसाच्या बोलण्याची कुजबुज, बराच वेळ. जाताना तो माझ्याकडे आला, मिठाईचा खोका दिला आणि वडिलांकडे लक्ष दिल्याबद्दल आभार मानले. कुणी कुणाकडे लक्ष दिलं ते मी त्याला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी म्हातारे कुंपणाशी आले.

"बंदूक जमा करतोय. मुलाकडे राहायला चाललो."

"पण मी पोलिसांना सांगितलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज नको तितका चढला होता.

"माहीत आहे. परवानगी मिळाली असती. मुलगा नको म्हणाला." मग त्यांनी विचारलं, "नळी बदलायची, हे बरोबरच होतं ना, सेन्सेई?"

"बरोबरच होतं."

ते समाधानाने घरात गेले. मला रात्रभर स्वतःचा राग येत राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आजही कुणी विचारलं तर मी हेच उत्तर देईन, आणि तरी त्या उत्तराची चीड जात नाही.

नव्या वर्षाच्या आत त्यांच्या घराच्या खिडक्यांना पत्रे लागले. मी एकटी पडले आहे का, असं विचारायला त्या हिवाळ्यात कुणी आलं असतं, तर नाही म्हणणारं शेजारी कुणी नव्हतं.