जवळची विलायत

आमचे हे इटलीच्या लढाईतून परत आले आणि घरात जेवेनासे झाले. अगदी उपाशी राहायचे असं नाही. पाटावर बसायचे, भाकरी मोडायचे, अर्धी खायचे, आणि मी दुसरी घेऊन गेले की ताटावर आडवा हात धरायचे. "पोट भरलं," म्हणायचे. एवढा भरदार गडी, त्याचं अर्ध्या भाकरीत पोट भरतं हे कुणाला खरं वाटेल?

आमच्या अंगाची हळद उतरायच्या आत हे पलटणीत भरती झाले होते. त्यात नवल काहीच नव्हतं, आमच्याकडे प्रत्येक आळीत कुणी ना कुणी फौजेत असायचंच. पण त्यामुळे लढाई संपून ते रजेवर आले तेव्हा नवरा म्हणून त्यांची माझी धड ओळखही नव्हती. घरात माणसं तीन. सासरे मागेच गेलेले. उरलो आम्ही दोघं आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. गाव कृष्णेच्या काठी, जमीन उसाची. खायला काही कमी नव्हतं.

भाकरी आत्याबाईंच्या, पण कालवण माझं; म्हणून मी आधी माझ्या स्वयंपाकाला दोष दिला. तिखट कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं, एक दिवस कोंबडं कापलं. ताटावरचा आडवा हात काही हलेना. आत्याबाईंचं निदान वेगळं होतं. "तिकडं कुन्या बाईनं कायतरी खाऊ घातलंय माज्या ल्येकाला. करणीच हाय ही." त्यांनी लिंबू उतरवलं, मीठमोहऱ्या उतरवल्या, अंगारा लावला. मला मात्र आतून वाटायचं की यांना मीच नको आहे, आणि ते बोलता येत नाही म्हणून माझ्या हातचं अन्न नको आहे. रजा संपत आली होती. हे असेच निघून गेले असते तर मी जन्मभर त्या अर्ध्या भाकरीचा अर्थ लावत बसले असते. मी मुळात तोंडाची फटकळ. असं मुकाट झुरणं मला जमणारं नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र हे बोलायचे. इटलीतल्या एका गावाबद्दल. एकदा अंगणातल्या धुळीत काटकीनं त्यांनी ते मला काढून दाखवलं. मधे फरसबंदी चौक, एका अंगाला देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, बाकी तीन अंगांना लाल कौलांची घरं, घरांना सज्जे, सज्ज्यांत फुलांच्या कुंड्या. चौकातच टेबलं मांडलेली. संध्याकाळी माणसं तिथं येऊन बसतात.

"माणसं म्हंजी बापयच का?" मी विचारलं.

"बाया बी. नवरा-बायकू समोरासमोर."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की माझं काळीज जळलं. मी म्हटलं, "मला दावा ते गाव."

"खुळी का काय? सात समुद्रापल्याड हाय."

"मग तसलंच एकादं आलीकडं असंल की! सायबानं एवढं राज्य केलं, एक गाव बांदलं नसंल?"

हे हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. मग दोघांना तो एक चाळाच लागला. हे वैरण कापायचे, मी शेण काढायची, आणि तोंडानं आमची विलायतेची बांधाबांध चालायची. पहिलं नाव निघालं महाबळेश्वरचं. "तिथं सायबाचे बंगले लांब लांब, प्रत्येकाला फाटक आन् फाटकाला रखवालदार. आपल्याला नुसती कुंपणं बघायला मिळतील," हे म्हणाले. शिवाय ते गाव नव्हे, डोंगर. मग मी पुण्याचं लष्कर काढलं, बेळगावचं काढलं. त्यावर यांनी हात जोडले. "रजंवर हाय मी. बायकूला घिऊन सलाम ठोकत हिंडू व्हय?"

शेवटी वाट दाखवली बाजारातल्या चाचांनी. ते मिरजेचे मुसलमान व्यापारी, आठवड्याच्या बाजारात आमच्या गावी बसायचे. कपबश्या, आरसे, अत्तर असला माल. माल आणायला ते गोव्याला जात. माझं गाऱ्हाणं ऐकून म्हणाले, "आवं ताई, विलायत मिरजंहून एका गाडीच्या वाटंवर हाय. पणजीला जावा. सज्जे म्हना, कौलं म्हना, देवळं म्हना, पायजे ते बघा." मग त्यांनीच सगळं सांगितलं. मिरजेहून आगगाडी, सरहद्दीवर पोर्तुगीज शिपाई गाठोडी सोडायला लावतात तेव्हा वाद घालायचा नाही, पुढे मडगावला उतरून मोटार, मधे नदी आली की होडी.

आता आत्याबाईंना काय सांगायचं? सून नवऱ्याबरोबर नुसतं गाव बघायला जाते, हे आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. मी देवदर्शनाचं नाव काढलं.

"आपला खंडोबा हाय की पालीला," त्या म्हणाल्या. "गोव्याच्या देवावाचून काय आडलंय?"

"करणी समुद्रापल्याडची हाय, आत्याबाई. समुद्राकाठचाच देव लागू पडंल."

हे त्यांना एकदम पटलं. वाटेला दशम्याही त्यांनीच करून दिल्या. दर्शन आम्ही घेतलंही. देवाच्या नावावर खोटं बोलायची छाती माझी नव्हती.

गाडीत घाट सुरू झाला तशी मी दशम्या सोडल्या आणि यांच्या पुढ्यात ठेवल्या. "तू घे," हे म्हणाले. "तुमचं हुंद्या," मी म्हटलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि फडकं बांधून ठेवलं. माझा जीव पुन्हा थोडा झाला.

पणजी मात्र खरोखरच तशी निघाली. नदीकाठानं सरळ रस्ता, पिवळी-निळी घरं, खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसवलेले. उंच पायऱ्यांवर पांढरंशुभ्र चर्च. हे चालता चालता मधेच थांबायचे. मी मागून चालत होते, बाईमाणसानं चालावं तशी. हे थांबले की मीही मागंच थांबायची. हे वळून बघायचे आणि पुन्हा चालू लागायचे. मी बरोबरीनं यावं म्हणून ते थांबत होते, हे मला कळलंच नाही. मला वाटलं यांना चालणं झेपत नाही, पायाला काही लागलेलं असेल.

दुपारी एका खानावळीत गेलो. टेबलावर पांढरं कापड, समोरासमोर दोन खुर्च्या. नवऱ्यासमोर खुर्चीवर मी जन्मात बसले नव्हते. पदर सावरत कशीबशी टेकले. खानावळवाल्यानं दोन ताटं आणून ठेवली. भात, माशाचं कालवण, पाव. वाफ येत होती, वासही छान होता आणि मला कडकडून भूक लागली होती. मी हात मांडीवर ठेवून यांच्या पहिल्या घासाची वाट बघत बसले. धन्यानं घास घेतल्याशिवाय बायको खाते कशी?

हेही हात बांधून बसले होते.

मी ताटाकडे बघते, हे माझ्याकडे बघतात. वाफ विरली. कालवणावर तेलाचा तवंग धरला. शेजारच्या टेबलावरची माणसं जेवून उठली. शेवटी खानावळवाला काळजीनं आला आणि त्याच्या कोकणीत विचारू लागला, जेवणात काही खोट आहे का. हे नुसती मान हलवत राहिले.

माझा बांध तिथं फुटला. तो माणूस समोर उभा होता तरी मी म्हटलं, "मी तुमाला नको आसंन तर सरळ सांगा. म्हायेरी जाते. पर माज्या समोरच्या अन्नाचा असा आपमान करू नगा. हितं तर मी रांधलेलं बी न्हाई." आणि मी रडू लागले. खानावळवाला गुपचूप आत गेला.

यांनी टेबलावरच्या कापडाचा काठ चाचपला. मग बोलू लागले.

"थंडी लय हुती तवा. बरफ पडलेलं. आमी चौघं एका घरात शिरलो. म्हातारा-म्हातारी दोघंच. म्हातारीनं आमाला गरम कढण दिलं, पाव दिला. मी मागत ग्येलो, ती वाढत ग्येली. उभी ऱ्हाऊन, हसत. पोटभर खाऊन मी पाण्याला मागल्या दाराला ग्येलो, तर ती भांड्याला बोट फिरवून चाटत हुती. मला बघून तिनं भांडं मागं लपावलं. सकाळी आमी म्होरं निघालो. तिचं काय झालं ते ठावं न्हाई. तवापास्नं म्होरं बाई उभी ऱ्हाऊन वाढाय लागली की घास उतरत न्हाई बघ. तू जेवताना दिसल्याबिगार मला न्हाई जेवता येत."

"मग घरात बोलला का न्हाई?"

"कुनाला बोलू? आये म्हनंल, फौजंत जाऊन बायकूच्या ताटाखालचं मांजर झालं."

मला एवढा राग आला की काय सांगू. इतके दिवस मी स्वतःला कोसत होते, मसाले बदलत होते, आणि हा माणूस एवढं मोठं ओझं छातीवर घेऊन एकटाच बसला होता. रागानं म्हणा, मायेनं म्हणा, मी ताट जवळ ओढलं आणि थंडगार भाताचा घास तोंडात घातला. नवऱ्याआधी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मानच वर होईना. दुसरा घास घेतला तेव्हा यांनी पावाचा तुकडा मोडला. मग मात्र गडी जो जेवला! भात दोनदा मागितला, आणि खानावळवाल्यानं हसत हसत तिसऱ्यांदा न मागता वाढला.

पणजीत ते ठीक होतं. पण गावात चूल आत्याबाईंची होती.

परतलो त्या संध्याकाळी त्या भाकरी थापायला बसल्या. हे पाटावर बसले. मी ताट वाढलं आणि रोजच्यासारखी उभी राहिले. यांनी भाकरीला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आत्याबाई म्हणाल्या, "देवाला जाऊन बी गुण न्हाई व्हय?"

मी टोपल्यातली भाकरी घेतली, मोडली आणि चुलीपुढं बसून खाऊ लागले.

आत्याबाईंचा थापता हात परातीतच राहिला. आता शिव्यांचा पट्टा सुटणार म्हणून मी अंग चोरून बसले. तेवढ्यात हे म्हणाले, "आये, तू बी घे. तुमी दोघी खाल्ल्याबिगार माज्यानं जेववत न्हाई."

"बायकांनी आदी खायाचं?"

"आदी नगं. संगं."

त्या लेकाकडे बघत राहिल्या. त्यांनी त्याच्या तोंडावर काय वाचलं ते मला सांगता येणार नाही, पण त्या शिव्या देईनात. तव्यावरची भाकरी फुगली होती ती त्यांनी उतरवली, आमच्याकडे पाठ करून बसल्या आणि एक तुकडा तोंडात घातला. मग सावकाश दुसरा. यांनी जेवायला सुरुवात केली, ताटाचा आवाज झाला, तरी त्या वळल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "गरम भाकर लय ग्वाड लागती की गं."

लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज भाकरी त्याच थापत होत्या.