नातीच्या पापणीत सोनं

परवा माझ्या नातीच्या, रेणुकाच्या डोळ्याची पट्टी सोडायची होती. संभाजीनगरच्या दवाखान्यात माझा पाय एका जागी ठरंना... बाकावर बसले की उठायचं, दारातून डोकवायचं. सिस्टर म्हणली, "आजी, फरशी झिजवता का काय!"

रेणुकाच्या तोंडाच्या नसेवर गाठ आली होती. गाठ काढली, पण नस कमजोर पडली अन् डावा डोळा मिटंनाच. झोपली तरी उघडा... बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम झाली, पोरीला धुरकट दिसाया लागलं.

डॉक्टर म्हणले, थेंब-मलम चालू ठेवा, पण डोळा झाकला नाय तर नजर जाईल. पापणीत सोन्याचं बारकं वजन बसवू, त्या भारानं ती खाली येईल.

सोनं म्हणल्यावर मी कशाला थांबते... चितेगावला घरी गेले अन् माझ्या बोरमाळेतला चांगला टपोरा मणी काढला. आमच्या मालकांचा जन्म शेळ्यांमागं गेला. ते म्हणले, "अगं, शेळीच्या गळ्यात घंटी बांधायलीस का?"

ऑपरेशनच्या दिवशी मी मणी डॉक्टरांच्या हातावर ठेवला. म्हणलं, हाच घाला, घरचा हाय. सिस्टर सोयगावकडची, तिला असले गावाकडचे दागिने ठाऊक. "आजी, ह्याच्यात आतून लाख भरलेली असती! पापणीत चोख सोनं लागतं, तिच्या मापाचं." रेणुका हसली... तोंड एका बाजूनंच हललं, पण लई दिवसांनी हसली.

तर परवा पट्टी सुटली. पापणी सुजलेली. डॉक्टर म्हणले, "मिट बरं बाळा." उजवा डोळा पटकन मिटला. डावा तसाच... मग पापणी हळूहळू उतरली अन् पार खाली टेकली.

डॉक्टर म्हणले, आता जखम भरंल. आडवं झोपलं की मात्र सोन्याचा भार पापणीला खाली ओढत नाय, तवा मलम लावायचंच. मी व्हय व्हय म्हणत होते, पण ध्यान सगळं तिच्या डोळ्याकडं.

येताना रिक्षात पोरगी खांद्यावर टेकली अन् बसल्या बसल्या झोपली. मी वाकून बघितलं... दोन्ही डोळे बंद. रिक्षावाल्याला म्हणलं, "दादा, खड्डे चुकवून चला, घाई नाय."

तुम्ही सगळे रोज विचारत होता, म्हणून सांगितलं. तिला दिसतंय, ती निवांत झोपतीय... मला दुसरं काय पाहिजे.