नासका नारळ

कार्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी नारळ विकणारी ती म्हातारी मला एकदाच भेटली. मानमोडीच्या साथीत बायको तापाने फणफणली होती, म्हणून मी देवीपुढे नारळ फोडला. तो नासका निघाला. घाबरून खाली आलो आणि तिच्यावरच खेकसलो, "मावशी, तुमच्या नारळानं देवी कोपली!"

तिने एक नारळ कानाशी धरून हलवला. "पानी वाजतं भाऊ, पन आतलं कळत न्हाई. पोत्यामागं चार-दोन नासके निघत्यातच."

"देवीच्या दारात असं बोलता?"

"तिला ऐकू जावं म्हनूनच बोलते. माजा ल्योक ह्याच तापानं पडला, तवा खोबरं दुधावानी पांढरं निघालतं. सांजच्याला ल्योक गेला."

माझी बायको वाचली. देवी पावली, असं घरचे म्हणतात. म्हातारीच्या लेकाचं काय, ते कोणी सांगेपर्यंत मी हात जोडणार नाही.