जाळीवरची पाटी

बाबांच्या जुन्या पिकअपला नवा रेडिएटर बसवून झाला. पुढच्या जाळीवर पाटी परत लावायला मी उचलली, तसा मिस्त्री म्हणाला, "ही तिथं नका लावू. हिनं वारा अडून अडूनच जुना रेडिएटर गेला. नाहीतर अजून चालला असता."

'आई-वडिलांचा आशीर्वाद'. ठसठशीत अक्षरांची ती पाटी मीच हौसेनं ठोकली होती. ज्यांचं नाव मिरवायचं, त्यांचाच वारा अडवायचा! घरात तरी मी दुसरं काय करतो? मला मान वर करवेना.

तेवढ्यात बाबा तिथं आले. काढलेल्या रेडिएटरवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "काय झालं होतं रे याला?"

मी पाटी पाठीमागे लपवली. म्हटलं, "काही नाही बाबा, म्हातारा झाला होता."

बाबांनी मान हलवली आणि हात काढून घेतला.