हात टेकले नव्हते

चर्चच्या पाळकाचा आवाज बसला की मंडळी आधी मध-आलं आणून देते, मग काळजी करते आणि शेवटी दुसऱ्या पाळकाचा विचार करू लागते. हे मला ठाऊक होतं. त्यामुळे उन्हाळ्यात माझा घसा बसला आणि पावसाळा संपत आला तरी सुटेना, तेव्हा मी मनातून हादरलो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठ असल्याचं सांगितलं. ती काढून तपासावी लागणार होती. इतकी वर्षं लोकांना ‘भिऊ नका’ सांगणारा मी त्या रात्री बायकोचा हात सोडायला तयार नव्हतो.

मुकुंदवाडीतल्या आमच्या छोट्या मंडळीने उपवास धरला. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली. महिनाभर मी मुक्यासारखा राहिलो, पाटीवर लिहून बायकोशी भांडलो, आणि हळूहळू आवाज परतला. यात देवाची दया होती याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

घोळ झाला तो वार्षिक सभेच्या वेळी. आमच्या सभांमध्ये साक्ष द्यायची रीत आहे: देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. रीत चांगलीच आहे. पण उजेड जास्त दिसावा म्हणून आधीचा अंधार जरा जास्त काळा करून सांगायची खोडही आम्हाला आहे. मंडळीच्या समितीचे सेक्रेटरी अण्णा म्हणजे भाबडा आणि उत्साही माणूस. त्यांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘डॉक्टरांनी हात टेकले, प्रभूने वाचा दिली!’ डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, चांगले कामाला लावले होते. मी अण्णांना फ्लेक्स काढायला सांगितलं, तर त्यांनी मलाच समजावलं. गाठ साधी निघाली ती कुणामुळं? मग ऑपरेशनचं सांगून लोकांचा विश्वास कशाला हलवायचा? बाहेरून मोठे वक्ते येणार, माणसं लांबून येणार. समितीत माझ्या बदलीची कुजबुज आधीच आहे, हेही त्यांनी हळूच कानावर घातलं. ते धमकी देत नव्हते. त्यांना खरोखर माझी काळजी वाटत होती, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणं जड जात होतं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी एक बाई नवऱ्याला घेऊन घरी आल्या. सोयगावच्या, चिकलठाण्याला बहिणीकडे उतरलेल्या. नवऱ्याचा आवाज माझ्यासारखाच घोगरा झाला होता. सोयगावातल्या डॉक्टरांनी शहरात जाऊन घसा तपासा म्हणून बजावलं होतं, पण बहिणीने मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो पाठवला आणि यांनी तपासणी सोडून सभा धरली. मी सगळं खरं सांगितलं: भूल, दुर्बीण, शस्त्रक्रिया. बाई नुसत्या हसल्या.

“तुमी साधे मानूस, मोठेपना घेत नाय,” त्या म्हणाल्या. “उद्या स्टेजवरून काय सांगता ते ऐकू आमी.”

त्या गेल्यावर मला उमगलं: घरात सांगितलेलं खरं कमी पडलं होतं. खोटं चौकात उभं होतं, तेव्हा खऱ्यालाही चारचौघांतच यावं लागणार होतं. बायकोला म्हटलं, उद्यानंतर कदाचित सामान बांधावं लागेल. ती म्हणाली, “बांधू. भांडी तशी कमीच हायेत.” त्या संध्याकाळी मी प्रार्थनेत एवढंच मागितलं: बदलीचं तू बघ, पण उद्या माझी जीभ खोट्याकडे वळू देऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. पाहुणे वक्ते पहिल्या रांगेत बसले. माझं नाव पुकारलं, मी माइकपाशी गेलो आणि वीज गेली. जनरेटर सुरू होईना. डॉक्टरांनी आवाज ताणायला सक्त मनाई केलेली, म्हणून मी नुसता उभा राहिलो. मग मागची माणसं आपापल्या खुर्च्या उचलून पुढे आली. बायका मुलांना घेऊन स्टेजच्या पायाशी बसल्या. एवढा मोठा मंडप एखाद्या घरातल्या प्रार्थनेसारखा जवळ आला. भोंग्यावरून मी कदाचित भाषण केलं असतं. त्या शांततेत भाषण करता येईना, फक्त बोलता आलं.

“फ्लेक्सवर लिहिलंय ते खरं नाही,” मी म्हणालो. “माझी गाठ डॉक्टरांनी काढली. देवाने मला त्यांच्या हाती दिलं, ही माझी साक्ष.”

कुणी ‘आमेन’ म्हटलं नाही. वक्ते घड्याळाकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात सोयगावच्या बाई उठल्या.

“मंग कोन्त्या दवाखान्यात जायचं, तेवढं सांगा.”

मी तोंड उघडायच्या आत अण्णा उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. “मी नेतो उद्या,” ते म्हणाले. “माझ्यामुळंच थांबलात तुम्ही.”

आणि त्यांनी नेलं. त्या गृहस्थांची गाठ साधी नव्हती, पण वेळेत सापडली. उपचार चालू आहेत आणि तपासणीला आले की ते अण्णांकडेच उतरतात. फ्लेक्स अण्णांनी स्वतः शिडी लावून उतरवला. माझी बदली झाली नाही. झाली असती तरी मी हेच लिहिलं असतं. वीजवाल्यांनी नंतर सांगितलं, डीपीतला फ्यूज उडाला होता. उडाला असेल.

माझा आवाज आता पूर्वीसारखा घुमत नाही. वरच्या पट्टीतलं गीत मी धरत नाही, अण्णा धरतात. पूर्वी याचं वाईट वाटलं असतं. त्या दिवशी पहिल्या रांगेपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायला जेवढा लागला, तेवढा आवाज देवाने मला दिला. त्याहून जास्त मी त्याच्याकडे मागत नाही.