ओहोटीची पाहणी

खाडीचा बांध फुटला की आमच्या भातात खारं पाणी शिरायचं आणि आई वर्षभर परक्यांच्या शेतात राबायची. पूर्वी असं भगदाड बुजवायला घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. बांध सरकारने ताब्यात घेतला आणि तेही थांबलं.

पाहणीला साहेब यायचे ते ओहोटीला. "पाणी आहे कुठे?" एकाने विचारलं. आई म्हणाली, "जेवायला गेलंय साहेब, थांबा, येईलच." ते थांबले नाहीत. दुरुस्तीचा निधी नामंजूर झाला.

ते गेल्यावर मी बांधावर त्यांच्या बुटांचे ठसे पाहिले. ओला चिखल सुरू होतो, नेमके तिथून ते माघारी वळले होते. पाय न भिजवता पाण्याचा निकाल देणाऱ्या माणसांची मला आजही चीड येते. त्यांच्या कागदावरचा समुद्र कायम ओसरलेलाच असतो आणि बुडणारे लोक कायम खोटे.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बांधासाठी सरकारकडे केलेल्या अर्जात मी एकच मागणी लिहिली, पाहणी अमावास्येच्या उधाणाला, दुपारच्या भरतीला करा. तीन अर्जांनंतर साहेब आले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

निधी मिळाला. बांध दगडाने बांधला गेला. यंदा आई स्वतःच्या शेतात भात कापते आहे.