झरीच्या वरचं घर

गोव्यातल्या हरमल आणि कोरगावच्या मधल्या डोंगरावर पाहुण्यांसाठी आठ खोल्या बांधायचं काम मला मिळालं, तेव्हा मी तिशीतही नव्हते. माझं स्वतंत्र असं ते पहिलंच काम. जमीन एका भाटकाराची होती. भाटकार म्हणजे गावचा जमीनमालक. त्याची अट एकच होती, समुद्रावरून पाहिलं तर घर दिसता कामा नये.

ही अट मला मनापासून आवडली. मी डिचोलीची. लहानपणापासून खाणींनी कापलेले लाल डोंगर बघत वाढले. आपल्या हातून डोंगरावर ओरखडाही उठू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. फीत घेऊन काजूच्या झाडांमधून महिनाभर फिरले. एकही झाड न तोडता खोल्या बसवल्या. चिऱ्याच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, उंची काजूच्या शेंड्याखाली. नकाशा पुन्हा पुन्हा उघडून बघावा, असा मला त्याचा अभिमान होता.

दोन खोल्यांची जोती झाली. सावंतवाडीकडच्या गवंड्यांनी शोषखड्डा खणला. संडास-न्हाणीचं पाणी त्यात जाऊन जमिनीत मुरणार होतं. त्याच आठवड्यात खालच्या वाड्यावरची एक बाई वर आली. साठीची असेल. वाड्यावरची अकरा घरं डोंगराच्या पायथ्याच्या एका झरीचं पाणी पीत होती.

मी तिला नकाशा दाखवला. घर कसं झाडांत लपणार आहे ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"वरसून दिसाचा नाय, ता खरा," ती म्हणाली. "पण खाल काय जातला, ता सांग."

जमीन पाणी गाळून घेते, असं मी म्हणाले. पुस्तकात तसंच होतं. पण तो डोंगर जांभ्याचा होता, आणि जांभ्याला आतून बोट जाईल एवढी भोकं असतात, हे खड्डा खणताना मी स्वतः पाहिलं होतं. बोलताना माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

दुसऱ्या दिवशी वाड्यावरची सगळी माणसं खड्ड्याभोवती येऊन बसली. काम थांबलं. भाटकार जीप घेऊन आला, तो तापूनच.

"परवाना आसा माझ्याकडे. पोलिसांक घेवन येतंय."

कुणी उठलं नाही. बायकांच्या मांडीवर लहान मुलं होती. गवंडी थापी खाली ठेवून लांब जाऊन उभे राहिले. मी मध्ये पडले आणि म्हणाले, "खड्ड्यात रंग सोडून बघू. झरीत रंग आला तर जागा बदलू."

भाटकारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या बाजूची आहे हेच त्याला कळत नव्हतं.

"रंग नको," ती बाई म्हणाली. "रंग इलो काय नाय इलो, हेच्यावरसून भांडाण जातला. मीठ घाल. मीठ सगळ्यांच्या जिभेक कळता."

वाड्यावरच्यांनी घरातली सगळी भांडी, पिंपं आधी भरून घेतली. मग दोन पोती मीठ खड्ड्यात ओतलं आणि वर टँकरचं पाणी सोडलं. सकाळ-संध्याकाळ तिघांनी झरीवर येऊन पाणी चाखायचं ठरलं. भाटकार, ती बाई आणि मी.

पहिला दिवस गोडं पाणी. दुसरा दिवस गोडं पाणी. तिघं ओंजळ भरायचो, घोट घ्यायचो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. दुसऱ्या संध्याकाळी भाटकार त्या बाईला म्हणाला, "बाय, फाल्यां दोनपारपर्यंत. मागीर काम चालू." उद्या दुपारनंतर काम सुरू होणार, म्हणून मला हायसं वाटलं. आज ते सांगायला जड जातं, पण वाटलं खरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर पोचले. झरीवर कुणी नव्हतं. घोट घेतला. जिभेच्या कडेला काहीतरी लागलं. बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली आणि झरीचं पाणी परत चाखलं. खारट होतं. फार नाही, पण होतं.

भाटकार आला. त्यानं ओंजळ भरली, घोट घेतला आणि उरलेलं पाणी झटकून टाकलं.

"कायच नाय," तो म्हणाला. "तुका लागता काय?"

दोन जोती, आठ खोल्या, माझा नकाशा. माझ्या तोंडून निघालं, "संध्याकाळी परत बघूया."

त्यानं मान डोलावली. तेवढ्यात ती बाई पायवाटेनं आली. तिनं घोट घेतला, पदरानं तोंड पुसलं. भाटकाराकडे तिनं पाहिलंही नाही.

"तू सांग," ती मला म्हणाली.

भाटकार माझ्याकडेच बघत होता. मी म्हणाले, "खारट आहे. मघाशीही होतं."

भाटकार जीपकडे गेला. कळशी उचलून ती बाई पलीकडच्या वाड्यातल्या विहिरीकडे चालू लागली. झर पुढे आठवडाभर खारट राहिली आणि तोवर वाड्यावरच्या बायकांनी पाणी तिथूनच वाहिलं.

दीड महिना भाटकाराचा निरोप नव्हता. काम गेलं, असंच मी धरून चालले. घरी वडिलांना झालेलं सगळं सांगितलं. ते फक्त म्हणाले, "लवकर बोलायला हवं होतंस." मग एक दिवस त्यानं बोलावून घेतलं आणि नकाशावर बोट ठेवून विचारलं, "डोंगराच्या त्या आंगाक किती खोल्यो बसतत?"

झरीपासून लांबच्या त्या बाजूला पाच बसल्या. खड्डा खणून पुन्हा मीठ ओतलं, पंधरा दिवस झर चाखली, ती गोडीच राहिली, आणि मगच चिरा लावला. पहिली दोन जोती उकरून माती भरली.

घर उघडलं त्या दिवशी भाटकार पाहुण्यांना सांगत होता, की झरीसाठी आपणच जागा बदलली. वाड्यावरचं कुणी आलं नव्हतं. मी कोपऱ्यात उभी राहून ते ऐकलं. त्यानंतर त्यानं मला दुसरं काम कधी दिलं नाही.